गुडघ्यांचं नाव काढायचं नाही

दवाखान्याच्या बाकावर मुरगळलेला पाय पसरून बसलेल्या मुलीने मोबाइल केव्हाच बाजूला ठेवला होता. शेजारच्या आजी-आजोबांचं भांडण जास्त रंगलं होतं.

“डॉक्टरांसमोर गुडघ्यांचं नाव काढायचं नाही,” आजोबा बजावत होते. “फिट असल्याचा दाखला मिळाला तरच कंपनी परत कामावर घेईल.”

“काढणार! मंदी आली तेव्हा त्याच विमान कंपनीने तुम्हाला घरी बसवलं. आता बरी आठवण झाली!”

“तेव्हा प्रवासी नव्हते, म्हणून जुनी विमानं उभी करून ठेवली. आता प्रवासी मावत नाहीत आणि नवी विमानं वेळेवर येत नाहीत. जुन्यांची नस ओळखणारे मेकॅनिक उरलेत किती?”

“आणि नवी आली की?”

“जुनी भंगारात.”

“आणि तुम्ही?”

“पुन्हा घरी, तुझ्या डोक्याला ताप. पण दोन वर्षं तर मिळतील! तरुणपणी, त्या पहिल्या मंदीत, आठवतं? उभ्या विमानांचे टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून मी दर आठवड्याला चाकं फिरवायचो.”

“रविवारीसुद्धा! मी डबा घेऊन यायचे. पंखाखालच्या सावलीत जेवायचो आपण.”

“तू गाणं म्हणायचीस.”

“पुरे! नंबर आला.”

दोघं आत गेली; डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडंच राहिलं.

“काय आजोबा, गुडघे काय म्हणतात?”

“यांचे?” आजीच आधी बोलल्या. “अहो, जिने धावत चढतात!”