डाव्या चाकाची कड

(छत्रीबाग. उन्हं उतरायला लागली आहेत. घरासमोर नवी मोटार उभी. प्रतापराव पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले, भानुमती पायरीवर. पायरीला लागून खोलीची खिडकी, उघडी.)

प्रतापराव : ...म्हणून सीधं सांगितलं ड्रायव्हरला. गजानन, किल्ली ठेव आणि चालू लाग. एक शब्द बोलला नाही पठ्ठ्या. मान खाली घातली आणि गेला. खरा असता तर बोलला नसता?

भानुमती : काढून टाकलंत? गजाननला?

प्रतापराव : मग काय आरती ओवाळू त्याची? या, इकडे या. हात लावून बघा. ही चाकाची आतली बाजू. नक्षी कशी कोरी करकरीत आहे! आणि आता ही बाहेरची कड.

भानुमती : गुळगुळीत लागतेय.

प्रतापराव : गुळगुळीत? माझ्या टकलाला लाजवील! आतलं कापड डोकावतंय. दसऱ्याला झेंडूची माळ घातली या मोटारीला, अजून दुसरा दसरा उगवला नाही. आणि गंमत बघा, उजव्या चाकाला काही नाही. सगळं मरण डाव्याचंच.

भानुमती : मोटारीतच काही खोट असेल.

प्रतापराव : मलाही तेच वाटलं. रिसाल्यात असताना आम्ही घोड्याचा नाल उलटून बघायचो. एकाच बाजूनं झिजला की समजायचं, जनावर लंगडतंय, दुखरा पाय वाचवतंय. आता रिसाला गेला, घोडे गेले, पण सवय थोडीच जाते? म्हटलं, ही बया लंगडतेय. नेली सियागंजात, दिवाकर मिस्त्रीकडे. त्यानं दोरी लावून चाकांची लाइन बघितली, खाली आडवा होऊन ठोकठाक केली. म्हणतो, “रावसाब, गाड़ी तो एकदम बराबर है. एक ही तरफ घूमी है, भोत घूमी है. चलानेवाले से पूछो.” चालवणारा कोण? सकाळी मी. आणि दुपारी मी आडवा झालो की किल्ली कुणाकडे?

भानुमती : त्याला परत बोलवा.

प्रतापराव : अहो, पण...

भानुमती : गरिबाचा तळतळाट घेऊ नका. त्याचा काही दोष नाही. मोटार मी नेत होते.

प्रतापराव : तुम्ही?

भानुमती : रोज दुपारी. मी, इंदू आणि गजानन. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मीच त्याला शपथ घातली होती.

प्रतापराव : धन्य आहे! मी घोरतोय आणि राणीसाहेबांची स्वारी हवा खायला! कुठं जायची स्वारी?

भानुमती : धार रोडला. शेतातलं दत्ताचं देऊळ आहे ना, औदुंबराचा पार असलेलं, तिथं.

प्रतापराव : देवाला जाऊन एका बाजूचा टायर झिजत नाही बाईसाहेब. जाताना जो रस्ता, तोच येताना.

भानुमती : गेल्या गेल्या परत येत नव्हतो. फिरत होतो.

प्रतापराव : कुठं?

भानुमती : देवळाभोवती.

प्रतापराव : देवळाभोवती म्हणजे? मोटारीतून प्रदक्षिणा?

भानुमती : आपल्या पोरीला चालता येत नाही ना. पुजारी म्हणाले, नवस जिच्यासाठी तिनंच फिरायला हवं, दुसऱ्यानं तिच्या नावानं घातलेल्या फेऱ्या चालायच्या नाहीत. मग मी विचारलं, चाकावरून चालेल का? म्हणाले, देवाला भाव कळतो. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणून मोटार आपली सदा उजवीकडेच वळायची. खाली सगळा मुरूम आणि गिट्टी. आता त्यानं डावं चाक झिजतं हे मला काय ठाऊक?

प्रतापराव : भानुमती, मी या घरात काय सांगितलं होतं?

भानुमती : नवस नाही.

प्रतापराव : का सांगितलं होतं? तो देवासचा वैदू आणलात. पोरीच्या पायाला कबुतराचं रक्त चोळलं त्यानं. आठवडाभर ती अंथरुणात ओरडत उठायची, कबुतर आलं, कबुतर आलं म्हणून. त्या दिवशी मी म्हटलं, बस्स. ताईत बस्स, अंगारे बस्स. डॉक्टर सांगेल तेवढंच.

भानुमती : हळू बोला. खिडकीशी इंदू आहे.

प्रतापराव : झोपली असेल.

भानुमती : असेल. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?

प्रतापराव : तुम्हाला माहीत आहे. वेळ लागेल म्हणाले.

भानुमती : तसं नव्हते म्हणाले. दवाखान्यात मला बाहेर बाकावर बसवलं होतंत. तुम्ही तिला घेऊन बाहेर आलात, हसलात, म्हणालात, वेळ लागेल. पण परत येताना रतलामला आगगाडी बदलायची होती, तिथं तुम्ही तिला उचललंत, ते घर येईपर्यंत खाली ठेवलं नाहीत. हमाल म्हणत होता, बाईसाहेबांकडे द्या, तरी नाही. तेव्हाच मी ओळखलं.

प्रतापराव : मग विचारलं का नाहीत?

भानुमती : विचारून काय करायचं होतं? तुम्ही खरं सांगितलं असतंत. आणि मला कळायला डॉक्टर कशाला हवा? रोज तेल लावते मी त्या पायाला. दुसरा पाय वाढतोय, आणि हा तसाच. पोटरी माझ्या मनगटाएवढी राहिलीय.

प्रतापराव : ते म्हणाले, पाय गेला तो गेला. लोखंडी पट्ट्या लावा, कुबड्या द्या, आणि मुलीला खोटी आशा दाखवू नका. मी हो हो म्हटलं. माझ्या हाताखालची माणसं मेली भानुमती, त्यांच्या घरी जाऊन मी सांगितलंय, तुमचा मुलगा गेला म्हणून. जीभ अडखळली नाही. इथं मात्र तुमचा चेहरा बघितला आणि माझी हिंमत झाली नाही.

भानुमती : मी कुठं काही म्हणते?

प्रतापराव : पण मग सगळं ठाऊक असून या घिरट्या कशाला घालायच्या?

भानुमती : तिच्यासाठी. तिनं एक दिवस विचारलं, आई, देवाला सांगितलं तर? मी नाही कशी म्हणू? मोटारीत बसली की फेऱ्या तीच मोजते, बोटांवर. घरी आल्यावर पाय पुढं करते. म्हणते, जरा भरला का गं? मी हात फिरवते आणि म्हणते, भरला.

प्रतापराव : खोटं बोलता पोरीशी?

भानुमती : तुमच्याकडूनच शिकले.

प्रतापराव : ...किती दिवस चालायचं हे?

भानुमती : ती थांब म्हणेपर्यंत. मला काही सुचत नाही हो. दुपार झाली की जीव घाबरा होतो. घरात बसलो तर तीही त्या पायाकडे बघते आणि मीही. मोटार फिरत असली की निदान बाहेर बघतो.

प्रतापराव : हं. उठा, ती पुसायची फडकी द्या इकडे. आणि ऐका, डावीकडची चाकं काढून उजवीकडे घालायला सांगतो मिस्त्रीला. तेवढेच चार दिवस जास्त निघतील.

भानुमती : आणि गजानन?

प्रतापराव : लोहारपट्टीत राहतो ना? संध्याकाळी जातो त्याच्या दारात. चुकलो म्हणेन. त्यात माझी मिशी थोडीच उतरते! आज मी चालवतो. इंदूला उठवा.

भानुमती : इंदू, ए इंदू!

इंदू : जागी आहे मी.

प्रतापराव : कधीपासून गं?

इंदू : आत्ताच. आबा, आज तुम्ही नेणार? मग मी पुढं बसणार. गजाननदादा नाही बसू देत पुढं.

प्रतापराव : बस की! ये, गळ्यात हात घाल. हां, अशी. अरे वा, वजन वाढलं पोरीचं. भानुमती, तुम्ही मागं बसा. दार लावा नीट. निघालो.

इंदू : आबा, रिसाल्यात घोडा लंगडायला लागला की काय करायचे?

प्रतापराव : हे कुठून काढलंस?

इंदू : सांगा ना.

प्रतापराव : औषध करायचे, आणखी काय!

इंदू : आणि बरा नाही झाला तर?

भानुमती : इंदू, आबांना रस्ता बघू दे.

प्रतापराव : असू द्या. बरा नाही झाला तर पागेत ठेवायचे. चांगला चारा घालायचे. माझा एक होता तसा, मी रोज जाऊन त्याला खरारा करायचो.

इंदू : मारायचे नाहीत ना?

प्रतापराव : माझ्या घोड्याला हात लावायची कुणाची छाती होती?

इंदू : कळस दिसला. आबा, तिकडून आत घ्या. त्या औदुंबरापासून सुरू करतो गजाननदादा.

प्रतापराव : इथून ना? बरं. चला, म्हणा दत्त दत्त.

इंदू : थांबा, आबा. आज डावीकडून फिरवा.

भानुमती : काहीतरीच काय? उलटी प्रदक्षिणा घालतात का कुणी? केलेलं सगळं वाया जातं बाळ.

इंदू : जाऊ दे ना, आई. टायर तरी दोन्हीकडून सारखे झिजतील.