कंडक्टरच्या पोटऱ्या

डब्याचं झाकण फरशीवर पडून खणखणत गोल फिरलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. मांडीवरच्या लेकीला तिच्या छोट्या बाटलीतून पाणी पाजता पाजता एका आईनं मान वळवली. समोरच्या बाकावर बसड्रायव्हरच्या गणवेशातला माणूस पोटरी दाबत होता. शेजारी त्याची बायको केळं सोलत होती.

"आला ना गोळा? खा हे."

"नंतर खातो."

"आत्ता! ब्रेकवर पाय असताना आला म्हणजे? मागं माणसं असतात."

"हळू बोल. डॉक्टरनं ऐकलं तर स्टिअरिंग सुटेल माझं."

"रोज लिंबू-मीठ घालून बाटली देते. संध्याकाळी रिकामी येते. तरी गोळे कसे येतात?"

"कंडक्टर पितो."

"काय?"

"मी प्यायलो की मधेच लघवीला उतरावं लागतं, गाडी थांबते. तो उतरला तर कुणाचं अडत नाही."

"अगबाई! म्हणजे वर्षभर मी त्याच्या पोटऱ्या सांभाळतेय?"

"त्याला एकदाही गोळा आला नाही हं."

"हसू नका. शेवटच्या स्टॉपवर सोय आहे ना? तिथं प्यायचं. आणि आत गेल्यावर खरं सांगायचं."

"आणि स्टिअरिंग?"

"पाणी पीत नाही म्हणून कुणी काढून घेत नाही. लपवलंत तर मीच काढून घेईन."

"बरं बाई, दे ती बाटली इकडे."

अर्धी बाटली एका दमात रिकामी झाली.

"खारट आहे गं."

"कंडक्टरनं कधी तक्रार केली नाही."

दोघंही हसली. ऐकता ऐकता समोरची आईही हसली. लेकीनं आपल्या बाटलीचं टोपण लावलं आणि शेजारची पिशवी चाचपली.

"आई, तुझी बाटली कुठंय?"