आर्डिसला मिळालेलं घर

(सेंट पॉल शहर, मिनेसोटा. घर भाड्याने देताना भेदभाव झाला तर तक्रार नोंदवणाऱ्या संस्थेची छोटी खोली. टेबलाच्या पलीकडे तिथली तरुण कार्यकर्ती काओ वांग. टेबलाच्या अलीकडे शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर एकत्र काम करून निवृत्त झालेल्या दोघी, कृष्णवर्णीय व्हर्लीन गेन्स आणि गोरी आर्डिस लिंडक्विस्ट.)

आर्डिस: घर मी घेतलं नाही गं. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली.

व्हर्लीन: आणि तू मूठ मिटलीस.

आर्डिस: मग काय, तळहातावर किल्ली मिरवत बाहेर पडू?

काओ: थांबा, दोघीही थांबा. मला पहिल्यापासून सांगा. व्हर्लीनमावशी, आधी तुम्ही.

व्हर्लीन: काल सकाळी मी त्या घरमालक एंगेनला फोन केला. माझा फोनवरचा आवाज वेगळा असतो, पोरी. कुठल्याही गोऱ्या बाईला लाजवेल असा. म्हातारा अगदी पाघळला. या की, म्हणाला, तळमजला आहे, एकही पायरी नाही, आजच बघून जा. मी गेले. तो त्या जागेतच होता. त्याने आतलं दार उघडलं, मला पाहिलं, आणि म्हणाला, अरेरे, जागा आत्ताच गेली.

काओ: आत बोलावलं?

व्हर्लीन: जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. जाळीतूनच बोलला. वर म्हणतो, जपून जा, बाहेर फार निसरडं झालंय.

आर्डिस: तो तसाच आहे. सगळ्यांची काळजी करतो.

व्हर्लीन: आर्डिस.

आर्डिस: बरं, गप्प बसते.

काओ: नाही, आता तुम्हीच बोला. तुम्ही कधी गेलात?

आर्डिस: दुपारी. हिने फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जागा गेली की नाही ते मी बघून येते. नुसतं विचारायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

व्हर्लीन: एवढंच. पाच मिनिटांचं काम. बाई अंधार पडताना उगवल्या.

आर्डिस: त्याने कॉफी विचारली ना. मी नको म्हटलं. पुन्हा विचारली. मी म्हटलं, उगाच कशाला त्रास. मग तिसऱ्यांदा विचारली.

काओ: आणि तुम्ही घेतलीत.

आर्डिस: घ्यावीच लागते. आमच्या नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांत पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो, आणि तिसऱ्या खेपेलाही नाही म्हणणारा माजोरी. मग त्याने बटाट्याची पोळी आणली, लोणी-साखर लावलेली. तिचंही तसंच झालं.

व्हर्लीन: आणि मग घराचंही.

आर्डिस: घराचंही तसंच झालं. तो म्हणाला, जागा रिकामी आहे, तुम्हीच या. मी म्हटलं, छे, मला कशाला. तो म्हणाला, तुमच्यासारखं माणूस शोधून मिळत नाही. मी म्हटलं, नको, तुमची गैरसोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं तोंड आपलं आपणच म्हणालं, तुम्हाला अडचण नसेल तर चालेल.

काओ: मावशी, मी हसत नाहीये हं.

व्हर्लीन: हस गं. मी काल रात्री हसून हसून आडवी झाले. माझ्यासाठी भांडायला गेली आणि स्वतःच भाडेकरू होऊन आली.

आर्डिस: मी सगळं बिघडवलं, हो ना? आता तक्रार टिकणार नाही.

काओ: बिघडवलं नाही. असं तपासायला आमच्याकडे शिकवून तयार केलेली माणसं असतात, ती किल्ली घेऊन येत नाहीत एवढंच. पण बघा, सकाळी यांना जागा गेली म्हणून सांगितलं, आणि दुपारी तीच जागा रिकामी असल्याचं सांगून तुम्हाला तीन वेळा आग्रह केला.

व्हर्लीन: मला एकदाही विचारलं नाही. कॉफीचंसुद्धा नाही.

काओ: नाही.

व्हर्लीन: काल ऐकताना हसले खरी. नंतर अंथरुणात पडल्यावर तेच आठवत राहिलं. वाईट वाटलं गं, आर्डिस. या वयात इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

आर्डिस: मग ऐक ना माझं. तक्रारबिक्रार राहू दे. माझ्या नावावर घर आहेच, तू जाऊन राहा. तुझे गुडघे तिसऱ्या मजल्यावर आणखी एक हिवाळा काढणार नाहीत.

व्हर्लीन: आणि कोणी दार वाजवलं की काय सांगू? बाईसाहेब घरी नाहीत, मी कामवाली?

आर्डिस: तसं नव्हतं म्हणायचं मला.

व्हर्लीन: माहीत आहे. तरी तसंच होणार.

काओ: आणि ते लबाडीचंही होईल. किल्ली आजच परत करायची, खरं काय ते सांगून. आम्ही त्याला कळवू की चौकशी होईपर्यंत जागा कोणाला देऊ नका. तो ऐकेलच असा शब्द मी देत नाही, पण तक्रार भक्कम आहे. फक्त आर्डिसमावशी, तुम्हाला अधिकाऱ्यासमोर हे सांगावं लागेल. कदाचित त्याच्यासमोरही.

आर्डिस: त्याच्यासमोर.

काओ: हो.

आर्डिस: माझा नवरा हॅरल्ड गेला तेव्हा यानेच शवपेटीला खांदा दिला, काओ. अजूनही माझ्या दारापुढचं बर्फ न सांगता काढून जातो. माणूस वाईट नाही तो.

व्हर्लीन: तुझ्याशी नाही.

आर्डिस: (किल्ली बोटांत फिरवत) हो, माझ्याशी नाही.

व्हर्लीन: माझं जाऊ दे. तुला जमत नसेल तर नको बोलूस. मी एकटी बोलेन. आपलं काही बिघडणार नाही.

आर्डिस: बिघडेल. तू काही म्हणणार नाहीस, पण मला तुझ्या जिन्याने वर येववणार नाही. लिही काओ, माझं नाव. लिंडक्विस्ट. मी त्याच्या तोंडावर सांगेन.

काओ: लिहिलं. व्हर्लीनमावशी, आता तुमचं. तुम्हाला काय हवंय? माफी, नुकसानभरपाई?

व्हर्लीन: घर. खिडकीतून ऊन स्वयंपाकघरात येत होतं, जाळीतून दिसलं मला. तिथे मी शुक्रवारी मासे तळणार आणि आख्ख्या इमारतीला वास जाणार.

काओ: तो शेजारच्याच घरात राहतो. रोज समोर येईल.

व्हर्लीन: येऊ दे. मी सकाळी नमस्कार करेन, त्याला जमेल तसं तो बघेल.

आर्डिस: तुझं ठीक आहे. मला रविवारी चर्चमध्ये जायचंय. तो माझ्याच बाकावर बसतो, दोन माणसं सोडून. हॅरल्डच्या वेळेपासून तीच जागा आहे माझी. आता कुठे बसू मी?

व्हर्लीन: तिथेच बस. उठायचं असेल तर तो उठेल.