बिनक्रमांकाची बुडी

आदरणीय अध्यक्ष महोदय, बंदर कार्यालयाचे प्रमुख अधिकारी, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या केंद्रातून शिकून गेलेले सगळे पाणबुडे आणि त्यांच्या घरची माणसं, मागे दाराशी उभे असलेले, बसा म्हटलं तरी न बसणारे आमचे सहकारी, आणि ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते केंद्राचे मुख्य प्रशिक्षक, इथे सगळ्यांचे सर आणि माझे सख्खे काका. सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. तुमच्या हातातल्या स्मरणिकेत पान चारवर ‘आकड्यांतले सर’ हा मजकूर आहे, तो माझा. त्यात सरांच्या एकूण बुड्या सहा हजार दोनशे बारा अशा छापल्या आहेत. ते चूक आहे. त्या सहा हजार दोनशे तेरा आहेत. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी कृपया बारावर एक रेघ मारावी आणि बाजूला तेरा लिहावं. गिरगटून खोडू नये.

हसलात, बरं वाटलं. घरी मला टाचणी म्हणतात. कुठेही टोचते म्हणून. सन्मानचिन्हावरही बाराच कोरलं गेलंय, त्यावर मात्र आता रेघ मारता येणार नाही. त्याबद्दल मी दिलगीर आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘केंद्राच्या नोंदी संगणकावर कशा आल्या’. आधीच्या वक्त्यांनी सरांचं धैर्य, सरांची शिस्त, सरांचा समुद्र यावर इतकं सुंदर सांगितलं, की माझ्या वाट्याला आकडे तेवढे उरले. मला तेच येतात. माझा एक कान लहानपणापासून अधू आहे, त्यामुळे मी कधी पाण्याखाली गेलेच नाही. मी समुद्र पाहिला तो आलेखावर.

आणि हे मला शिकवलं काकांनीच. मी उशिरा शाळेत गेले. सात वर्षांची होईपर्यंत घरीच शिकत होते. अक्षरं आईने शिकवली, अंक काकांनी. जेवणाच्या टेबलावर त्यांची बुड्यांची नोंदवही असायची. क्रमांक, तारीख, खोली, किती मिनिटं, जोडीदार कोण. माझी उजळणी त्या वहीवर झाली. एकदा मी अठराच्या जागी एकोणीस लिहिलं आणि खोडरबर घेतलं. काकांनी ते माझ्या हातातून काढून खिडकीबाहेर फेकून दिलं.

म्हणाले, “पाण्याखाली काय झालं ते वरच्या माणसाने पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे फक्त ही वही असते. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि बाजूला सही.”

मी विचारलं, “मला कुठे सही येते?”

“मग चुकायचं नाही.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “भावोजी, सात वर्षांची आहे हो ती.”

“वहिनी, वहीला वय नसतं.”

असे आमचे काका. ही आठवण मी स्मरणिकेत दिली नाही, कारण तेव्हा जागा कमी पडली. आज वाटतं, तीच द्यायला हवी होती.

तर संगणक. सहा वर्षांपूर्वी कागदी वह्यांना वाळवी लागली आणि आपण बुड्यांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर घेतलं. बाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. पाणबुड्याच्या मनगटावर एक छोटा संगणक असतो, आम्ही त्याला घड्याळच म्हणतो. दर काही सेकंदांनी तो खोली टिपत राहतो. वर आल्यावर ते घड्याळ केबलने जोडायचं, की पूर्ण बुडी पडद्यावर रेघ होऊन उमटते. खाली जाणारी, तळाशी रेंगाळणारी, वर येताना रक्तातला वायू हळूहळू निघून जावा म्हणून थांबे घेणारी. सॉफ्टवेअर तिला त्या पाणबुड्याच्या यादीतला पुढचा क्रमांक देतं. जोडीदार, पाण्याचं तापमान, शेरा एवढं मी भरते. मागच्या सहा वर्षांत या केंद्रातली प्रत्येक बुडी माझ्या टेबलावरून गेली आहे.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. कागदी वहीचं पान फाडलं तर दिसतं, शिलाईत कपटा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये एखादी बुडी काढून टाकली, तर मधला एक क्रमांक तेवढा रिकामा राहतो. मग ‘क्रमांक पुन्हा लावा’ असं एक बटण आहे. ते दाबलं की पुढच्या सगळ्या बुड्या एकेक पायरी खाली सरकतात आणि फट बुजते. कपटासुद्धा उरत नाही.

चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी मी ते बटण दाबलं.

निवेदक, मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. चिठ्ठी पाठवू नका.

त्या दिवशीचा अपघात इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे जो सांगितला गेला तो. माझा थोरला भाऊ, इथला प्रशिक्षक, सकाळपासून दोन बुड्या करून दमलेला. एका पाहुण्याचा कॅमेरा बोटीवरून पडला. सरांनी नको म्हटलं तरी तो तिसऱ्यांदा खाली गेला, एकटा, छत्तीस मीटरवर. हवा संपली, थांबे न घेता वर आला, रक्तात बुडबुडे झाले आणि डावा पाय लुळा पडला. दादा शुद्धीवर आल्यापासून वेगळं सांगत होता. “मी एकटा नव्हतो. काका बरोबर होते. हवा त्यांची संपली होती.” चौकशी समिती बसली. समितीने केंद्राची नोंद मागवली. नोंदीत त्या दुपारी काकांची बुडी नव्हती. दादाचा परवाना रद्द झाला. निकालपत्रात एक ओळ आहे, मला ती पाठ आहे: ‘प्रशिक्षकाचे कथन नोंदींशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही.’

अध्यक्ष महोदय, त्या समितीवर आपणही होतात. आपण नोंदीवर विश्वास ठेवलात यात आपली काही चूक नाही. नोंद माझी होती.

असं झालं होतं. त्या दुपारी दादाला इस्पितळात पोचवून काका परत आले. ओल्या कपड्यांतच माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी दोन्ही घड्याळं जोडून बसले होते, कारण घाबरले की मला काहीतरी नीट मांडावं लागतं. पडद्यावर तिसरी बुडी दोनदा आली होती. एक दादाच्या नावावर, एक काकांच्या.

काका म्हणाले, “ही डबल आलीय. माझं घड्याळ त्याने जोडीला बांधलं होतं दुसऱ्या मनगटावर. बुडी त्याचीच आहे. माझ्यातली काढून टाक.”

पाणबुडे दोन घड्याळं बांधतात. हे खरं आहे. एक बंद पडलं तर दुसरं. मी म्हटलं, “काका, रेघ मारून ठेवू का? शेऱ्यात लिहिते, दुबार म्हणून.”

“टाचणे, आज नको गं. आज नको टोचूस.”

मी काढून टाकली. दोन रेघा तंतोतंत जुळत नाहीत एवढं मला दिसलं होतं. मी स्वतःला समजावलं, दोन घड्याळांत फरक असतोच. दशांशात असतो. हा फरक दशांशातला नव्हता, आणि नव्हता हे मी पाहिलं नाही. मग मधला क्रमांक रिकामा दिसायला लागला, पाच हजार नऊशे सत्त्याऐंशी. तो मला बघवेना. क्रमांक पुन्हा लावायला काकांनी सांगितलं नव्हतं. ते माझं काम. कुणाला कधी शोधताच येऊ नये अशी सफाई मी केली, तीही केवळ नीटनेटकेपणाच्या हौसेने.

तेव्हा एकाच माणसाने हरकत घेतली. सिलिंडरमध्ये हवा भरणारे आमचे हवालदार. पोलीस नव्हेत, हवा भरतात म्हणून हवालदार. महिनाअखेरीला वही घेऊन आले. म्हणाले, “पोरी, त्या दिवशी सरांच्या नावावर तुझ्या संगणकात दोन बुड्या, माझ्या वहीत तीन सिलिंडर. तिसऱ्यातली हवा मी काय पिशवीत भरून घरी नेली?” मी त्यांना सॉफ्टवेअर चुकत नाही असं ऐकवलं. वर हेही म्हटलं, की तुमची वही जरा नीट लिहीत जा. हवालदार, तुम्ही दाराशी उभे आहात, मला दिसताय. त्या वाक्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागते. या केंद्रात एकच वही खरी होती आणि तिच्यावर ग्रीसचे डाग होते.

आता सन्मानचिन्हाची गोष्ट. काकांचं ते जुनं घड्याळ चौकटीत बसवून त्यांना भेट द्यायचं ठरलं. ते समोर टेबलावर आहे, काचेखाली. अपघाताच्या दिवसानंतर त्यांनी ते मनगटावर बांधलं नाही. मी विचारलं तेव्हा पट्टा सैल झाल्याचं सांगितलं आणि नवं घेतलं. त्यामुळे जुन्यातल्या नोंदींवर नवीन काही साठलं नाही. चौकटवाल्याकडे देण्याआधी, मागच्या बुधवारी, मी त्यातली सगळी माहिती पुन्हा एकदा उतरवून घेतली. स्मरणिका छापून झाली होती, गरज नव्हती. पण माझा स्वभाव.

ती बुडी परत आली. आपण म्हणतो ना, अमक्याने बुडी मारली, दिसतच नाही? इथे बुडीनेच बुडी मारली होती, चौदा महिने. यादीत बाकी सगळ्यांना क्रमांक होते, हिच्यापुढचा रकाना रिकामा. सॉफ्टवेअरला तिला कुठे बसवावं कळेना, कारण तिची जागा मी पुढच्यांना देऊन टाकली होती.

मी दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. बाराव्या मिनिटाला दादा एकतीस पॉइंट नऊ मीटरवर आहे आणि काका छत्तीस पॉइंट दोनवर. चार पॉइंट तीन मीटरचं अंतर. मला सांगा, एकाच माणसाची दोन मनगटं एकमेकांपासून चार मीटर लांब असतात का?

वर असलेला माणूस दादा होता. तो वरच राहू शकला असता. तेराव्या मिनिटाला त्याची रेघ वळते आणि खाली जाते. चौदाव्या मिनिटाला दोन्ही रेघा एक होतात, आणि तिथून पाण्याच्या वर येईपर्यंत एकच दिसते. दादाने आपली राखीव नळी काकांच्या तोंडात दिली आणि त्यांना धरून आणलं. एका सिलिंडरवर दोघं, थांब्यांपुरती हवा उरलीच नाही. सकाळपासून काकांच्या दोनच बुड्या होत्या, त्याही उथळ. दादा दोन्ही वेळा तळाशी होता. म्हणून बुडबुडे त्याच्या वाट्याला आले.

गुरुवारी मी काकांना आलेख दाखवला. त्यांनी तो पाहून टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, “सहा हजार बुड्या केल्या मी. तुला एकच दिसते?”

मी म्हटलं, “तीच दिसत नव्हती, काका.”

“निरोप समारंभ होऊ दे. मग बघू.”

काकूंनी मला दारापर्यंत सोडताना एवढंच म्हटलं, “तुला सगळं इथेच शिकवलं गं आम्ही.” काकू, म्हणूनच.

त्या ‘मग’वर मी तीन दिवस विचार केला. चौकशीच्या वेळीही ते म्हणाले होते, दादा बरा होऊ दे, मग बोलू. दादाच्या बाबतीत तर या ‘मग’ने वेगळंच केलं. दादा घरी पायाचे व्यायाम करतो. मध्येच थांबतो आणि मला विचारतो, “टाचणे, मला खरंच आठवतंय का गं, की मी रचलंय? डॉक्टर म्हणतात असं होतं. डोक्याला हवा कमी पडली की माणूस जुळवाजुळव करतो.” मी त्याला काय सांगत असेन? मी सांगायची, “दादा, नोंदीत नाहीये रे.” चौदा महिने मी माझ्या भावाला त्याच्या स्वतःच्या आठवणीविरुद्ध पुरावा देत आले. त्याचा पाय समुद्राने घेतला. डोक्यातलं जे शाबूत होतं ते मी घेत होते, रोज थोडंथोडं.

आज सकाळी मी त्याला आलेख दाखवला. त्याने बोटाने ती एक झालेली रेघ वरपर्यंत नेली. मग म्हणाला, “म्हणजे मी वेडा नाही.” आणि थोड्या वेळाने, “आज भाषणात नाही बोललीस तरी चालेल हं. काका आहेत.”

तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, काठी खुर्चीला टेकवून. दादा, चालणार नाही.

अध्यक्ष महोदय, हा आलेख मी आत्ता आपल्या हातात देऊ शकते. पिशवीत आहे. देत नाही, कारण इथे दिला तर ती भाषणातली एक गोष्ट होईल आणि चहाबरोबर संपेल. कार्यालयात दिला तर त्यावर आवक क्रमांक पडेल. या बुडीला एक क्रमांक मी देणं लागते.

दुरुस्तीचं पान मी कागदावर केलं आहे. चुकीच्या नोंदीवर एक रेघ, खालचं वाचता येतं. बाजूला माझी सही. तिच्याशेजारी एका सहीची जागा मोकळी ठेवली आहे. काका, तुम्ही शिकवलेली पद्धत आहे, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तुमची सही आली तर दोन सह्यांनी जाईल. नाही आली तर एका सहीने जाईल, आणि रिकामी जागा तशीच दिसेल. या वेळी मी ती बुजवणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं राहू दिलं, त्यांचे आभार. चांगल्या प्रसंगी कडू बोलले, वेळ ओलांडली, काही कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. मात्र नोंदीतली माझी चूक पोटात घालू नका, ती कागदावर राहू द्या.

समिती महिन्यातून एकदा बसते. या महिन्यात ती बसते आहे मंगळवारी. कार्यालय साडेदहाला उघडतं, मी आणि दादा दहा वाजता पायरीवर असू. मंगळवार, अठरा तारीख.