वळचणीखालचा रांजण

पत्रे माझ्या हातचे, पन्हाळ नवी, अन् तरी दाराजवळची वळचण गळायली म्हणल्यावर मिस्त्रीचं डोकं फिरंल का न्हाई? डोंगरकड्याच्या एका मावशीचं घर. भर उन्हात वर चढलो, बादलीत नीळ कालवली अन् पत्र्यावर ओतली. निळं पाणी जिथून टपकंल, तिथंच भोक.

वरून विचारलं, “मावशी, टपकून राहिलं का?”

“व्हय. पण निळं न्हाई, साधंच पाणी हाय.”

खाली उतरलो. पन्हाळीच्या तोंडातून निळी धार, अन् दाराजवळ स्वच्छ थेंब. थेंबाखाली हात धरला. पत्रा चटके देत होता, पाणी मात्र माठातल्यासारखं गार.

“इथं आधी काय होतं, मावशी?”

“पाण्याचा रांजण. मालक शेतातून आले की इथंच पाय धुयाचे. ते वारले. मग शिडीला आडवा येतो म्हणून तुमीच तो मागं नेला.”

रांजण परत जागेवर आणला, भरला. गळणं थांबलं.

काल मावशीचा फोन आला. “मिस्त्री, रांजण रोज सांजच्याला अर्धा होऊन राहिला. गळतो का, बघून जा.”

“खाली ओल हाय का?”

“रांजणाखाली न्हाई,” मावशी म्हणाली. “उंबऱ्यावर हाय.”