पाद्रीबाबांची भट्टी

डोलोरिस : विझली?

कॅझिमिर : विझली नाही. विचार करतेय.

डोलोरिस : सकाळपासून तिसऱ्यांदा? कॅझ, या तळघरात माझ्या तोंडातून वाफ निघतेय.

कॅझिमिर : अगं, हिनं कोळशावर पाद्रीबाबांचं अख्खं घर तापवलं, वर्षानुवर्षं. माझ्या घरी आली आणि हिची श्रद्धाच उडाली.

डोलोरिस : चर्च बंद पडलं तेव्हा ही भट्टी सगळ्या गावानं बघितली आणि सोडून दिली. हौशी निघालास तू एकटा. तळघराचं दार उखडलंस, तुझे चुलतभाऊ कण्हत कण्हत ती खाली घेऊन आले, आणि त्यांना सारण भरभरून पिरोगी करून घालता घालता माझी कंबर गेली.

कॅझिमिर : तो गज दे इकडे. वरून जरा ढोसतो.

डोलोरिस : आता ढोस नाहीतर नाच. रेजिना दुपारी येतेय. तुझ्या बहिणीचा स्वभाव तुला माहीत आहे. घर गार सापडलं तर आईंना आजच ॲलनटाउनला, तिच्या घरी घेऊन जाणार म्हणाली. आणि आई वर कोट घालून बसल्यात.

कॅझिमिर : म्हणून तर जीव तोडतोय! खाणकामगाराचा मुलगा आहे मी. कोळसा माझ्या रक्तात आहे.

डोलोरिस : रक्तात असू दे. भट्टीत पेटला तर बरं.

आई : कॅझ! काय ढोसतोयस रे खाली?

कॅझिमिर : आई, जमिनीतल्या त्या जाळीपाशी बसू नकोस. तुला सगळं ऐकू जातं.

आई : मग काय झालं? ऊब येत नाही, निदान भांडण तरी वर येतं. गज खाली ठेव आधी.

कॅझिमिर : ठेवला.

डोलोरिस : नाही ठेवला, आई.

आई : हा आपला कोळसा आहे, लाकूड नव्हे. वरून डिवचला की मरतो. निखारे आहेत का थोडे?

कॅझिमिर : कोपऱ्यात आहेत. माझ्याकडे बघून हसतायत.

आई : खालचा दांडा हलव, राख पडू दे. मग लाकडाच्या ढलप्या टाक. त्या धडधडल्या की कोळसा थोडा थोडा करत भर, चांगला जाड थर होऊ दे. भट्टीचं खालचं दार उघडं ठेव. कोळशानं धरलं की ते लाव आणि मुकाट्यानं वर ये.

कॅझिमिर : आणि मग?

आई : मग काही नाही. हात लावायचा नाही.

कॅझिमिर : बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही.

आई : त्याला ठाऊक असतं तर सांगितलं असतं ना! त्यानं कोळसा खणला, भट्टी मी सांभाळली. एकदा त्यानं हात लावला, तर ईस्टरचं जेवण आम्ही कोट घालून जेवलो.

डोलोरिस : म्हणजे रक्तातच आहे हो, आई!

कॅझिमिर : आई, इतके दिवस मी इथं माती खातोय, आधी का नाही बोललीस?

आई : तूच म्हणालास ना, आई, तू नुसती बस. तिकडून रेजिनाचा फोन, थंडी वाजते का, गोळी घेतली का, कोण बघतं तुझ्याकडे. सारखं डिवचता रे मला दोघं. मला नाही जायचं ॲलनटाउनला, कॅझ.

कॅझिमिर : मलाही तुला पाठवायचं नाही, आई. दांडा हलवतोय बघ.

(बऱ्याच वेळाने, वर स्वयंपाकघरात.)

कॅझिमिर : एकदाच बघून येतो.

आई : बस खाली.

कॅझिमिर : नुसतं दार किलकिलं करून...

डोलोरिस : कॉफी पी, कॅझ.

कॅझिमिर : एवढा घाम गाळून भट्टी बसवली, आणि माझं काम काय, तर तिच्याकडे न बघणं!

डोलोरिस : तेही धड जमत नाहीये तुला.

कॅझिमिर : श्श! ते काय कडकडलं?

आई : भट्टीचा पत्रा आहे. तापला की बोलतो.

डोलोरिस : अगंबाई, रेजिनाची गाडी!

कॅझिमिर : इतक्यात? आई, अजून थोडा वेळ मिळाला असता तर... मी तिला बाहेरच बोलण्यात गुंतवतो.

आई : काही नको. डोलोरिस, माझी खुर्ची जरा मागे सरकव, पाय भाजतायत. आणि हा माझा कोट घे. दारातल्या खुंटीवर अडकव, तिला आल्या आल्या दिसेल असा.