संघटनेचा पत्ता

चाळीस वर्षं कारकुनी करताना मी लोकांचे किती अर्ज परत पाठवले असतील, त्याला गणती नाही. माझा स्वतःचा अर्ज परत आला तो निवृत्तीनंतर, भाडेकरू संघटनेच्या नोंदणीचा. कार्यालय म्हणून मी माझ्याच भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला होता, तेव्हा घरमालकाचं ना-हरकत पत्र जोडणं आलं.

खरी घाई खालच्या खोलीतल्या सलीमभाईंना होती. दर अकरा महिन्यांनी करार संपला की त्यांचं सामान टेम्पोत चढायचं. यंदा मुलगी दहावीला होती आणि करार परीक्षेच्या आधीच संपत होता.

आम्ही दोघं वरच्या मजल्यावर अण्णांकडं, म्हणजे आम्हा दोघांच्याही मालकांकडं गेलो. त्यांनी चहा सांगितला आणि मोठ्या कुतूहलानं विचारलं, "संघटना करणार काय?"

"भाडेकरूला सारखं घर बदलावं लागू नये म्हणून मालकांशी बोलणार," मी सांगितलं.

"व्हय, बोललंच पाहिजे. काही मालक लई खराब असतात."

अण्णांनी तिथंच पत्र लिहून सही ठोकली. हे इतकं सोपं कसं झालं, याचं मला नवल वाटत होतं.

जिन्यात चष्मा लावून पत्र वाचलं. संघटनेच्या पत्त्याला अण्णांची ना-हरकत होती, फक्त अकरा महिन्यांपुरती.

मी कपाळाला हात लावला. सलीमभाई मात्र पुन्हा जिना चढू लागले.

"चलो साहेब, अण्णांशी बोलू. संघटनेकडं पहिल्याच दिवशी दोन तक्रारी आल्या. एक माझी, एक संघटनेची."